बर्फातल्या शाळेच्या बाई

चारधाम करून आलेल्या मैत्रिणींना उत्तरकाशी नक्की आठवत असेल. यमुनोत्री आटोपून गंगोत्रीकडे निघालं की बस इथे मुक्कामाला थांबते. भागीरथीचा रात्रभर येणारा आवाज, काशी विश्वनाथाचं देऊळ, बाजारातली स्वेटर-शालींची दुकानं आणि कुडकुडत घेतलेला चहा. एवढं पाहून आपण पुढे जातो. नदीपलीकडच्या डोंगरावर, झाडीत, एक शाळा आहे. ती यात्रेकरूंना कुणी दाखवत नाही. दाखवली तरी ‘आपल्याला काय तिचं’ असंच आपण म्हणू. नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग हे तिचं लांबलचक नाव. सगळे नुसतं ‘निम’ म्हणतात. १९६५ साली ती स्थापन झाली. बर्फावर चालायचं कसं, चढायचं कसं, पडायचं कसं आणि पडल्यावर थांबायचं कसं, हे इथे शिकवतात.

या शाळेत सविता कंसवाल नावाच्या एक बाई शिकवत होत्या. ‘बाई’ म्हणते ते शाळेतल्या बाई या अर्थाने हं, कारण वय म्हणाल तर जेमतेम पंचविशीच्या आसपासचं. तेव्हा पुढे मी ‘ती’च म्हणेन. आपल्या घरातल्या लेकीच्या, भाचीच्या वयाची मुलगी.

४ ऑक्टोबर २०२२ ला ती गेली. त्या दिवशी खंडेनवमी होती. आपण घराघरांत विळी, कात्री, शिलाई मशीन, पोरांची पुस्तकं पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहत होतो. ती मात्र त्या सकाळी आपली हत्यारं, म्हणजे बर्फाची कुऱ्हाड, दोर, बुटांना बांधायचे काटे, घेऊन विद्यार्थ्यांबरोबर ‘द्रौपदी का डांडा’ नावाच्या शिखराच्या वाटेवर होती. पावणेनऊच्या सुमाराला वरचा बर्फ सुटला.

दुसऱ्या दिवशी बातम्या आल्या. त्यात तिच्या नावापुढे एक ओळ होतीच, सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू. ही काही लहानसहान गोष्ट नाही, आणि तिच्याबद्दल पुढे सांगतेच. पण तिच्यावर लिहावंसं वाटलं ते दुसऱ्याच कारणाने. मे महिन्यात जगातल्या सगळ्यांत उंच शिखरावर उभी राहिलेली मुलगी सप्टेंबरमध्ये पुन्हा आपल्या नेहमीच्या डोंगरावर होती. नव्या पोरापोरींना दोराची गाठ कशी मारायची ते दाखवत. जिथे तिचा स्वतःचा कुठलाही विक्रम होणार नव्हता, तिथे.

उत्तरकाशी जिल्ह्यातलं लौंथ्रू हे तिचं गाव. चार बहिणींत ती धाकटी. घरची परिस्थिती बेताची. चार मुलींच्या घरात धाकटीचं काय होतं हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. मोठ्यांची लग्नं करता करता आईबाप थकलेले असतात. धाकटीचंही एकदाचं उरकून टाकावं असं सगळ्यांना वाटतं. किंवा मग तीच मुलगा होऊन घर बघते. सविताच्या बाबतीत हे दुसरं झालं. म्हाताऱ्या आईवडिलांची भिस्त तिच्यावर होती.

शाळेत असताना एका साहस शिबिराच्या निमित्ताने ती पहिल्यांदा ‘निम’मध्ये गेली. डोंगर तिला नवे नव्हते. तिथल्या बायका-मुली चाऱ्यासाठी, लाकडासाठी रोजच डोंगर चढतात-उतरतात. पाठीवर आपल्याला उचलणार नाही एवढा भारा असतो. पण ते चढणं कामाचं. त्यालाही शाळा असते, परीक्षा असते, त्यात नाव काढता येतं, हे तिला त्या शिबिरात कळलं असणार. २०१३ मध्ये तिने तिथला बेसिक कोर्स केला आणि त्यात ‘ए’ ग्रेड मिळवली. ही ग्रेड मिळाल्याशिवाय पुढच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सला घेत नाहीत.

आता पुढचा कोर्स करायचा तर फी हवी. घरी मागण्यासारखी स्थिती नाही. तेव्हा ती देहरादूनला गेली, तिथे नोकरी केली, पैसे साठवले आणि परत येऊन फी भरली. आपल्या गावातल्या किती मुली अशा असतील बघा, ज्या दुकानात काम करून डी.एड.ची नाहीतर टायपिंगची फी भरतात. फरक एवढाच की हिला दोर आणि कुऱ्हाड शिकायची होती. मग अ‍ॅडव्हान्स झाला, डोंगरात हरवलेल्या-अडकलेल्या माणसांना शोधून सोडवण्याचा कोर्स झाला, आणि त्यानंतर तिने आणखी एक कोर्स केला. शिकवायचं कसं, हे शिकवणारा. आपल्या बी.एड.सारखाच, फक्त फळ्याच्या जागी कडा आणि खडूच्या जागी दोर.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. बर्फावरची बाई नेमकं शिकवते तरी काय, हे आपल्या डोळ्यांपुढे येत नाही.

आपला सह्याद्री खडकाचा. आपली पोरं राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई करतात, छान चढतात. पण बर्फ आपल्याकडे नाही. त्यामुळे कितीही तरबेज पोरगी असली तरी हिमालयात गेली की तिला चालण्यापासून सुरुवात करावी लागते. प्लॅस्टिकचे जड बूट, त्याला खालून पोलादी काट्यांची चौकट बांधायची. पाय जरा जवळ पडले की एका पायाचे काटे दुसऱ्या पायातल्या विजारीत अडकतात आणि माणूस तोंडावर. म्हणून पाय फाकवून, बदकासारखं चालायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांची हसून पुरेवाट होते.

दुसरा धडा पडण्याचा. अक्षरशः पडायला शिकवतात. उतारावर मुद्दाम स्वतःला घसरू द्यायचं, हातातल्या कुऱ्हाडीचं टोक बर्फात रुतवायचं, तिच्यावर छातीचा भार टाकायचा आणि पालथं होऊन थांबायचं. बुटांना काटे असतील तर पाय वर उचलून धरायचे, नाहीतर काटे बर्फात अडकून माणूस कोलांटी खातो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत व्हावं लागतं, कारण तेवढ्यात वेग इतका वाढतो की मग काही हातात राहत नाही. सरळ पडून, उताणं पडून, डोकं खाली आणि पाय वर अशा अवस्थेत पडून, पुन्हा पुन्हा तेच. आणि अशा वेळी शिकवणारीने आधी स्वतः पडून दाखवायचं असतं. मुलं तिच्याकडे बघून पडतात.

मग दोर. चार-पाच जणांनी एकाच दोराला स्वतःला बांधून घेऊन चालायचं, कारण हिमनदीत भेगा असतात. वरून ताज्या बर्फाने झाकलेल्या, दिसत नाहीत. एकाचा पाय आत गेला तर बाकीच्यांनी तिथल्या तिथे बसकण मारून त्याला धरायचं. म्हणजे माझी गाठ नीट बसली नाही तर जीव तुझा जाणार. म्हणून शिकवणारी प्रत्येकाची गाठ स्वतःच्या हाताने ओढून बघते. रोज. पंचवीस जण असले तरी पंचवीस वेळा.

आमच्या ओळखीतल्या एका बाईंची मुलगी काही वर्षांपूर्वी हिमालयातल्या अशाच एका संस्थेत अठ्ठावीस दिवसांचा कोर्स करून आली. सविताच्या हाताखाली ती नव्हती. पण तिने सांगितलेलं माझ्या मनात राहिलंय. चौथ्या दिवशी ती चढावर रडायलाच लागली. पाठीवर वीस किलोची सॅक, डोकं दुखतंय, पाय सोलवटलेले. घरी जायचं म्हणून बसली एका दगडावर. तिथल्या बाईंनी तिला धीरबीर काही दिला नाही. खाली बसून तिचे बूट सोडले, ओले मोजे काढायला लावले, कोरडे घालायला दिले, नाडी पुन्हा बांधली आणि म्हणाल्या, ‘‘आता चालून बघ.’’ बस्स. ती पोरगी शेवटपर्यंत चालली. परत आली तेव्हा नाकाची साल निघालेली, ओठ फुटलेले आणि तोंडात एकच, ‘‘आई, वरण-भात दे.’’ आता ती भाजीच्या पिशवीलासुद्धा अशी गाठ मारते की आईला सोडवत नाही.

सविता अशीच एक शिकवणारी. एकीकडे शिकवणं चालू होतं आणि दुसरीकडे स्वतःचं चढणंही. त्रिशूल, हनुमान तिब्बा, काश्मीरमधलं कोलाहोई अशी शिखरं तिने केली. मग इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनने एव्हरेस्ट परिसराच्या मोहिमेसाठी तिची निवड केली आणि २०२१ मध्ये ती ल्होत्सेवर गेली. हे जगातलं चौथ्या क्रमांकाचं शिखर, एव्हरेस्टला अगदी चिकटून.

पुढच्या वर्षी ती एव्हरेस्टला गेली. १२ मे २०२२ ला ती माथ्यावर पोचली. एव्हरेस्टहून खाली आलेली माणसं आठवडे-आठवडे झोपून काढतात. वजन उतरलेलं असतं, बोटं बधिर असतात, जिना चढताना धाप लागते. ही खाली आली आणि मकालूकडे निघाली. मकालू पाचव्या क्रमांकाचं, पण चढायला जास्त अवघड मानलं जातं. चारी बाजूंनी उभ्या कडांचं, एखाद्या सुळक्यासारखं. २८ मेला ती त्याच्याही माथ्यावर होती. एव्हरेस्ट आणि मकालू सोळा दिवसांत करणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली.

देशभर नाव झालं. सत्कार झाले. अशा वेळी कुणीही म्हटलं असतं, आता पुढचं आठ हजारी शिखर, आता प्रायोजक, आता भाषणं. त्यात चूक काहीच नाही. एका एव्हरेस्टला तेव्हा पंचवीस-तीस लाखांच्या घरात खर्च यायचा, पैसा उभा करायचा तर हे सगळं करावंच लागतं. पण शिकवणं तिने सोडलं नाही. पावसाळा सरत आला तशी अ‍ॅडव्हान्स कोर्सची नवी तुकडी जमली आणि तिला घेऊन जाणाऱ्या प्रशिक्षकांत सविता होती.

या तुकडीला द्रौपदी का डांडा-२ हे शिखर करायचं होतं. उंची ५,६७० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे साडेतीन पटींच्या जवळ. पण एव्हरेस्ट करून आलेल्या मुलीला ही उंची घरच्या अंगणासारखीच. ‘डांडा’ म्हणजे त्यांच्याकडे डोंगर, डोंगराची धार. आपल्याकडेही मावळात-कोकणात डोंगराच्या सोंडेला दांड म्हणतात, तोच शब्द असावा. गंगोत्रीच्या रस्त्यावरच्या भुक्की गावातून वाट वर चढते. जंगल, मग कुरणं, मग डोकरियानी हिमनदी. ‘निम’चे कोर्स वर्षानुवर्षं इथेच होत आले. सविताने स्वतः हे शिखर केलेलं होतं. अनोळखी काहीच नव्हतं.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. खाली पाऊस म्हणजे वर बर्फ. आधीच्याच पंधरवड्यात केदारनाथच्या मागच्या डोंगरावर दोनदा हिमस्खलन झालं होतं, यात्रेकरूंनी मोबाइलवर त्याचे व्हिडीओही काढले होते.

हिमस्खलन म्हणजे काय, तर चिरोट्याचे पदर आठवा. आपण पोळ्यांच्या मध्ये साटा लावतो, कारण तळताना पदर सुटायला हवेत. डोंगरावर बर्फ असाच थराथराने पडतो. कधी दोन थरांच्या मध्ये भुसभुशीत, कच्चा थर राहून जातो. तो दिसत नाही. वर नवीन बर्फाचं वजन वाढलं, ऊन लागलं, किंवा नुसती माणसं त्यावरून चालली, की वरचा अख्खा पदर निसटतो. फार उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही आणि सपाटीवर तो घसरत नाही. धोका मधल्या उतारावर. म्हणजे नेमका जिथून माणसाला चढता येतं, तिथे.

त्या सकाळी तेच झालं. शिखराकडे जाणाऱ्या उतारावर दोरांना बांधलेली रांग होती. सुटलेल्या बर्फाने सगळ्यांना खाली नेऊन हिमनदीच्या भेगेत टाकलं. जे वाचले, ज्यांचे हातपाय मोकळे होते, त्यांनी दुसऱ्यांना खणून काढायला सुरुवात केली. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत काढलं तर जगण्याची आशा चांगली असते, नंतर ती झपाट्याने कमी होते. हे कोर्समध्ये शिकवतात. त्या दिवशी शिकणारे आणि शिकवणारे दोघंही हा धडा प्रत्यक्ष करत होते.

पहिल्या दिवशी जे मृतदेह हाती आले त्यांत सविता होती. तिच्यासारखीच शिकवणारी, उत्तरकाशी जिल्ह्यातलीच नौमी रावतही होती. मग हवाई दलाची हेलिकॉप्टरं, इंडो-तिबेट सीमा पोलीस, राज्याचं आपत्ती दल, गुलमर्गच्या लष्करी शाळेचे जवान असे सगळे आले. हवा वारंवार बिघडत होती, शोध कित्येक दिवस चालला. गेलेल्यांचा आकडा पंचवीसच्या वर पोचला. बहुतेक सगळे शिकाऊ, देशाच्या वेगवेगळ्या राज्यांतून आलेली तरुण मुलं. भारतातल्या गिर्यारोहणाच्या शिक्षणात एवढा मोठा अपघात आठवत नाही असं जाणते लोक म्हणाले.

अशी बातमी आली की आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं. हळदीकुंकवात येतं, बसमध्ये येतं, फोनवर येतं. ‘‘काय गरज होती बाई तिला?’’ त्यात काळजी असते, मी नाही म्हणत नाही. चार मुली वाढवलेल्या त्या माउलीचा विचार करून माझ्याही पोटात कालवलं. पण हे वाक्य कुणाच्या बाबतीत येतं तेही बघा. मुंबईला लोकलमधून पडून कुणी गेलं तर त्याला काय गरज होती, असं आपण विचारत नाही. नोकरीला चालला होता ना! मग सविताही नोकरीलाच गेली होती. ती काही हौस म्हणून, फोटो काढायला गेली नव्हती. ते तिचं काम होतं. त्यावर घर चालत होतं. बाईचं काम डोंगरावर असू शकतं, हे आपल्या डोक्यात अजून नीट बसत नाही एवढंच.

आणि याच जिल्ह्याने हे एकदा पाहिलेलं आहे. बचेंद्री पाल उत्तरकाशी जिल्ह्यातल्याच नाकुरी गावच्या. एम.ए., बी.एड. झालेल्या. एवढं शिकून शाळेत चिकटायचं सोडून ही डोंगर काय चढतेय, हे त्यांनाही ऐकावं लागलं. त्याही ‘निम’च्याच विद्यार्थिनी. १९८४ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर रात्री तंबूत झोपलेल्या असताना त्यांच्यावर बर्फाचा कडा कोसळला, त्या आत गाडल्या गेल्या आणि सोबत्यांनी तंबू कापून त्यांना बाहेर काढलं. डोक्याला मार लागलेला. त्या खाली परतल्या नाहीत. २३ मेला माथ्यावर पोचल्या, एव्हरेस्ट चढणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून. पुढे जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना डोंगर शिकवला, बायकांच्या मोहिमा नेल्या. एकीवर बर्फ पडला आणि तिला पुढची चाळीस वर्षं मिळाली. दुसरीला तेवढी मिनिटंही मिळाली नाहीत. दोघींमधला फरक कौशल्याचा नव्हता. कुठे आणि किती बर्फ पडला, एवढाच होता. हे मान्य करायला जड जातं, पण डोंगरात वावरणारी माणसं ते मान्य करूनच जातात.

मला खरा प्रश्न दुसराच वाटतो, आणि तो आपल्या दारात आलेला आहे. साताऱ्याच्या प्रियांका मोहितेने २०१३ साली एव्हरेस्ट केलं, मग ल्होत्से, मकालू, आणि २०२१ मध्ये अन्नपूर्णा. अन्नपूर्णेवर जाणारी पहिली भारतीय स्त्री आपल्या साताऱ्याची! तिच्याकडे बघून आता तालुक्या-तालुक्यातल्या मुली विचारतात, मीही कोर्सला जाऊ का? कॉलेजात ट्रेकिंगचे गट आहेत, एन.सी.सी. आहे. परवा कुणाच्या तरी घरी फॉर्म भरला जाईल आणि आई म्हणून सही आपल्याला करायची असेल. तेव्हा काय करायचं?

‘नाही’ म्हणणं सोपं. डोळे झाकून ‘हो’ म्हणणंही तसं सोपंच. माझं म्हणणं, आपण आयांनी विचारायला शिकावं. लग्नाच्या स्थळाची आपण किती चौकशी करतो! मुलाच्या आत्याच्या जावेपर्यंत पोचतो. मग मुलीला बर्फात पाठवताना संस्थेला दोन प्रश्न विचारायला लाजायचं कशाला? हवामानाचा आणि हिमस्खलनाचा अंदाज रोज कोण बघतं, आणि अंदाज वाईट असला तर परत फिरायचं की नाही हे कोण ठरवतं? वर डॉक्टर असतो का? मुलांच्या अंगावर ती बीप-बीप वाजणारी यंत्रं असतात का, ज्यांनी बर्फाखालचं माणूस सापडतं? किती मुलांमागे किती शिकवणारे? विमा कितीचा? मुलीलाही एक गोष्ट सांगून ठेवावी, की शिखर न करता परत आलीस तरी घरी पेढेच वाटले जातील. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं असं मला वाटतं. पोरं कित्येकदा शिखराच्या नाही, घरच्यांच्या आणि गल्लीतल्यांच्या भीतीने पुढे जातात.

एक गोष्ट आणखी. आपण एव्हरेस्टवीरांचे सत्कार करतो, रथातून मिरवणूक काढतो. शिकवणाऱ्यांचं नाव कुणी विचारत नाही. ज्या मुलीने एव्हरेस्ट केलं तिला पहिल्यांदा पडायला कुणी शिकवलं? बहुतेक ती अशीच कुणीतरी असते. उन्हाने काळवंडलेली, फाटक्या ओठांची, चार महिने तंबूत राहणारी, दर महिन्याला नवी तुकडी आणि पुन्हा पहिल्यापासून तोच धडा. शाळेतल्या पहिलीच्या बाईंसारखं. पहिलीच्या बाईंचा पगारही कुणी विचारत नाही आणि त्यांच्याशिवाय पुढचं काही होतही नाही.

सविताने अशा किती जणांना शिकवलं असेल हे मोजून ठेवलेलं कुठे वाचनात आलं नाही. तिच्या गाठी मारण्याच्या सवयी आता देशाच्या कुठल्या कुठल्या गावांतल्या मुला-मुलींच्या हातांत असतील. ‘निम’चे कोर्स काही काळ थांबले, मग पुन्हा सुरू झाले. मुलींचे अर्ज अजूनही येतात.

सरकारने तिला ‘तेनसिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्कार’ मरणोत्तर जाहीर केला. साहसाच्या क्षेत्रातला हा देशातला सर्वोच्च मान. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रपती भवनात समारंभ झाला. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हातून तो घ्यायला लौंथ्रूहून तिचे वडील दिल्लीला आले होते. या पुरस्कारात तेनसिंगची छोटी ब्राँझची मूर्ती असते, प्रमाणपत्र असतं, पंधरा लाख रुपये असतात. शिवाय पुरस्कार मिळालेल्या पुरुषाला ब्लेझर आणि टाय देतात, आणि बाईला साडी.